पिठाची बारा झाडं आणि एक राक्षस

आधी सांगून टाकतो, मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की मला आधी शिलाई, समास आणि अनुस्वार दिसतात, मजकूर नंतर. हा दोष आहे हे मान्य. पण त्या दोषामुळेच हे लिहायला बसलोय.

गोष्ट आहे आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डची 'द सेल्फिश जायंट', म्हणजे आपमतलबी राक्षस. माझ्याकडे तिच्या दोन प्रती आहेत. एक इंग्रजी, संपूर्ण, 'द हॅपी प्रिन्स' संग्रहातल्या पाचही परीकथा असलेली, जुनी, कणा सुटलेली. दुसरी मराठीत संक्षिप्त केलेली, मोठ्या आकाराची, गुळगुळीत कागदाची. ती ताईने मुलींना वाढदिवसाला मिळालेल्या ढिगातून माझ्याकडे सरकवली, 'तूच वाच बाबा त्यांना' म्हणून. माझ्या भाच्या दोघी. मोठी सात वर्षांची, धाकटी साडेचारची. आठवड्यातून तीन रात्री झोपवायची पाळी माझी असते. गेले दोन महिने त्या तिन्ही रात्री हाच राक्षस आहे. तेव्हा हे परीक्षण एकदा वाचून लिहिलेलं नाही, पंचवीसेक वेळा घसा कोरडा करून लिहिलेलं आहे.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका राक्षसाची मोठी बाग असते, मऊ गवत, पीचची बारा झाडं. शाळा सुटली की मुलं तिथे खेळतात. राक्षस परत येतो, मुलांना हाकलतो, उंच भिंत बांधतो, पाटी लावतो. मग त्या बागेत वसंत येतच नाही. बाहेर सगळीकडे फुलं, आत हिवाळा मुक्कामाला. एके दिवशी मुलं भिंतीतल्या एका भोकातून आत शिरतात, झाडांवर चढून बसतात आणि झाडं फुलतात. पुढचं सांगेनच, कारण पुढचंच महत्त्वाचं आहे.

पहिल्याच परिच्छेदात वाइल्ड मला जिंकतो. राक्षस इतके दिवस होता कुठे? तर कॉर्नवॉलमधल्या एका मित्राकडे पाहुणा गेला होता, सात वर्षं. परत का आला? तर सात वर्षांत त्याचं सगळं बोलून झालं, कारण त्याच्याकडे बोलण्यासारखं फार नव्हतं! मी हे वाक्य पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा मुली हसल्या नाहीत, दाराशी उभी असलेली ताई हसली. आमच्या ओळखीत असा एक पाहुणा आहे; नाव घेत नाही. मराठी संक्षेपात हे वाक्य नाही. तिथे राक्षस 'प्रवासाहून परत येतो'. संपादकाने शब्द वाचवले आणि माणूस घालवला. म्हणजे राक्षस घालवला.

आता हा 'राक्षस' शब्द. मराठीत दुसरा शब्द नाही, मी शोधून पाहिला. 'महाकाय' म्हटलं तर मुलं विचारतात, महाकाय काय? 'दैत्य' पुराणात जातो. 'राक्षस' म्हटलं की बकासुर येतो, आणि धाकटीचा पहिल्या रात्रीचा प्रश्न तोच होता: 'मुलांना खातो का?' नाही खात. वाइल्डचा राक्षस कुणाला खात नाही, मारत नाही. तो फक्त मोठा आहे आणि 'माझं ते माझं' म्हणतो. शेवटी मी 'मोठ्ठा माणूस' असं करून पाहिलं, पण त्याने मजा गेली. मोठीनेच निकाल लावला, 'राक्षसच म्हण, पण न खाणारा राक्षस.' तेव्हापासून आमच्याकडे तो न खाणारा राक्षस आहे.

हवामानाचं मात्र मराठीने भलं केलं. मूळ गोष्टीत बर्फ आणि कडाका आधी येऊन राहतात, मग उत्तरेच्या वाऱ्याला बोलावतात. तो केसाळ कातडी पांघरून येतो, दिवसभर घोंघावतो, धुराडी पाडतो आणि म्हणतो, काय झकास जागा आहे, गारपिटीलाही बोलावू या! बिनबोलावलेल्या पाहुण्यांनी आणखी पाहुणे बोलवावेत, तसं. इंग्रजीत गारपीट हा एकटा पुरुष आहे, राखाडी कपडे घातलेला. रोज तीन तास छपरावर थयथयाट करून कौलं फोडतो आणि मग बागेत गोल गोल पळतो. मराठीत 'गारा' म्हटलं की आपोआप स्त्रीलिंगी अनेकवचन होतं. एकाची टोळी झाली. धाकटीला ही टोळी इतकी आवडली की 'गारा आल्या' म्हणताना गादीवर उड्या मारायच्या, हा आता वाचनाचाच भाग आहे. झोपवण्याच्या दृष्टीने हे पान अतिशय वाईट. नोंद घ्यावी.

पाटीचं भाषांतर करताना मी व्यवसायाची हौस भागवून घेतली. 'विनापरवानगी आत प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल' असं एका दमात, सरकारी आवाजात वाचतो. मुलींना यातलं अक्षर कळत नाही आणि तेच बरोबर आहे, बागेतल्या मुलांनाही कळलं नसणार. पण पुढे एक फूल गवतातून डोकं वर काढतं, ती पाटी बघतं, मुलांसाठी त्याला इतकं वाईट वाटतं की ते पुन्हा जमिनीत शिरून झोपी जातं. पाटी वाचून समजलेलं अख्ख्या गोष्टीत ते एकटंच. वाइल्ड असं काहीतरी चिमूटभर टाकून पुढे निघून जातो, थांबून कौतुक करून घेत नाही.

आता त्या संक्षिप्त पुस्तकाबद्दल, प्रकाशकाचं नाव न घेता. चित्रं वाईट नाहीत. कागद चांगला, टाइप मोठा, ओळींमधलं अंतर मुलांच्या डोळ्यांना सोयीचं. पण तिसऱ्या पानावर छापलंय: 'बागेत पिठाची बारा झाडे होती.' पीचचं पीठ झालं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीने माझे कान गरम झाले. मुलींना मात्र पिठाची झाडं बेहद्द पसंत पडली. वारा आला की पांढरं पांढरं उडत असेल, मुलं झाडावरून उतरली की भुतासारखी दिसत असतील, वगैरे. मी दुरुस्ती सुचवली ती बहुमताने फेटाळली गेली. मूळ इंग्रजीवरून सांगतानाही आता मला पिठाचीच झाडं सांगावी लागतात. इतक्या वर्षांच्या मुद्रितशोधनात पहिल्यांदाच चूक तशीच राहू दिली आहे.

त्या चुकीला मी माफ करीन. त्या पुस्तकाने एक वाक्य कापलं आहे, त्याला नाही.

राक्षस एका सकाळी अंथरुणात जागाच पडलेला असतो आणि त्याच्या कानी एका छोट्या पक्ष्याचं गाणं पडतं. त्याला वाटतं राजाचे वादकच चाललेत, इतके दिवस त्याने पक्षीच ऐकलेला नसतो. खिडकीतून बघतो तर झाडाझाडावर मूल आणि सगळीकडे फुलं. फक्त एका टोकाच्या कोपऱ्यात अजून हिवाळा. तिथे एक अगदी लहान मुलगा आहे, त्याचा हात फांदीला पुरत नाही, झाड बिचारं वाकून वाकून चढ चढ म्हणतंय, तरी पुरत नाही, आणि तो झाडाभोवती रडत फिरतोय. राक्षसाच्या मनात कालवतं. आपण किती आपमतलबी होतो हे त्याला त्या क्षणी उमगतं. तो हळूच जिना उतरतो, दार आवाज न करता उघडतो, बाहेर येतो. आणि त्याला बघताच सगळी मुलं पळून जातात. बाग परत हिवाळ्यात जाते.

हे लक्षात घ्या. राक्षस सुधारलाय, पण ते कुणाला माहीत नाही. त्याचा पश्चात्ताप त्याच्या पोटात आहे, मुलांना दिसतो तो त्याचा आकार. तो दयाळूपणे बाहेर आला आणि त्याच्या बाहेर येण्याने पुन्हा बर्फ पडला. एवढं अचूक मी मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही फार कमी वाचलंय. घरात आरडाओरडा करून झाल्यावर, राग उतरल्यावर, खोलीत शिरलं की सगळे गप्प होतात. तो अनुभव ज्याला आहे त्याला हे पान कळेल. मला आहे.

आणि मग ते वाक्य. तो लहान मुलगा पळाला नाही, कारण त्याच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं की त्याला राक्षस येताना दिसलाच नाही.

तो शूर नव्हता. त्याने राक्षसावर विश्वास टाकला नव्हता, त्याचं निर्मळ मन वगैरेही काही ओळखलं नव्हतं. त्याला दिसलं नाही, इतकंच. राक्षस मागून आला, त्याला अलगद हातात घेतलं, झाडावर ठेवलं, झाड फुललं आणि मुलाने दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकून त्याचा मुका घेतला. ते बघून बाकीची मुलं परत आली आणि त्यांच्या मागून वसंत. भिंत त्यानंतर पडली. आधी एक मूल उचललं, मग कुऱ्हाड.

मराठी संक्षेपात काय आहे? 'एक धाडसी मुलगा मात्र पळाला नाही.' संपलं. धाडसी! एका विशेषणाने गोष्टीच्या नरड्यावर पाय दिला.

मी हे ताईला तावातावाने सांगत होतो. ती म्हणाली, 'तू प्रूफं तपासायला बसला आहेस की मुलींना झोपवायला?' पण दुसऱ्या रात्री मोठीने मला स्वतःहून विचारलं, 'मामा, तो रडला नसता तर पळाला असता ना?' हो, पळाला असता. 'मग राक्षसाला कुणीच नसतं सापडलं?' मी म्हटलं, बहुतेक नाही. ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, 'चिऊताईने पण दार नव्हतं उघडलं.'

मला क्षणभर संदर्भ लागला नाही. मग लागला. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, आणि 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते'. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टीवर मुलं झोपवली तिच्यात दार न उघडणारी चिमणीच आपली लाडकी आहे आणि बाहेर भिजणारा कावळा हा आगाऊ. मी ती गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेल, चिमणीचा आवाज काढून. त्यातला बंद दरवाजा मला कधी दिसला नव्हता. सात वर्षांच्या मुलीने तो दाखवला, आणि तो तिला या राक्षसाच्या भिंतीवरून दिसला. कुठलंही 'सहकार्याचे महत्त्व' न शिकवता.

मुलांमध्ये फरक पडतो का, हे आईबाप हमखास विचारतात म्हणून सांगतो: नाही. पहिल्यांदा पूर्ण गोष्ट ऐकून झाल्यावर दोन मिनिटांत दोघींची उशीवरून मारामारी झाली. धाकटी उशीला कवटाळून ओरडत होती, 'माझी उशी माझीच आहे!' शब्दरचना थेट राक्षसाची. म्हणजे लक्ष देऊन ऐकत होती हे नक्की. औषध म्हणून ही गोष्ट घेत असाल तर घेऊ नका.

आणि औषध म्हणून ती लिहिलेलीच नाही, हे वाइल्डने त्याच पुस्तकात सांगून ठेवलंय. मे १८८८मध्ये लंडनला 'द हॅपी प्रिन्स अँड अदर टेल्स' निघालं, वॉल्टर क्रेन आणि जेकम हूड यांच्या चित्रांसह. राक्षसाची गोष्ट त्यात तिसरी. चौथी 'द डिव्होटेड फ्रेंड'. तिच्यातला गिरणीवाला ह्यू मैत्रीवर सुंदर सुंदर बोलतो आणि गरीब हान्सची फुलं, फळी, वेळ, सगळं उपटतो. शेवटी त्याच्याच कामासाठी वादळी रात्री गेलेला हान्स पाण्यात बुडून मरतो. आणि गिरणीवाला? अंत्ययात्रेत सर्वांत पुढे! जराही बदलत नाही. ही गोष्ट एक पक्षी पाणउंदराला सांगतो आणि उंदीर शेवटी रागावून बिळात जातो, कारण त्याला कळतं की यात बोध होता. त्यावर बदकीण म्हणते, बोध असलेली गोष्ट सांगणं फार धोक्याचं. आणि गंमत बघा, ही गोष्ट सांगणारा पक्षी लिनेट आहे. राक्षसाच्या खिडकीबाहेर गाणाराही लिनेटच. एका गोष्टीत नुसता गातो तर राक्षस उठून बाहेर येतो. दुसऱ्या गोष्टीत बोध करतो तर उंदीर उठून आत जातो. वाइल्डने हे ठरवून केलं का, देव जाणे. पण दोन्ही गोष्टी पाठोपाठ वाचा, एवढी माझी शिफारस.

मराठी संक्षेपाच्या शेवटच्या पानावर पिवळी चौकट आहे, ठळक टाइपात: 'तात्पर्य: आपल्याजवळचे इतरांना द्यावे.' बदकिणीला कळवायला हवं.

आता शेवट. इथे माझी वाइल्डशीही तक्रार आहे, थोडी.

भिंत पडते, वर्षं जातात, मुलं रोज खेळायला येतात. फक्त तो पहिला लहान मुलगा पुन्हा येत नाही. तो कुठे राहतो हे कुणाला माहीत नाही. राक्षस सगळ्या मुलांशी प्रेमाने वागतो, पण वाट त्याचीच बघतो. म्हातारा होतो, मोठ्या आरामखुर्चीत बसून मुलांचा खेळ बघतो. आता हिवाळ्याचाही राग येत नाही त्याला, वसंत झोपलाय एवढंच, म्हणतो. एका हिवाळ्यात त्या टोकाच्या कोपऱ्यातलं झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं दिसतं आणि खाली तो मुलगा. राक्षस धावत जातो आणि त्याचा चेहरा रागाने लाल होतो, कारण मुलाच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. कुणी केलं हे? सांग, मी तलवार घेऊन त्याला मारतो!

मला हा राग फार आवडतो. इतकी वर्षं चांगला वागलेला राक्षस आणि तलवार अजून जवळच. वाइल्डने त्याला गरीब गाय केलेलं नाही. दयाळू झाला तरी राक्षस आहे.

पण इथून पुढे गोष्ट ख्रिस्ताची होते. मुलगा म्हणतो, या प्रेमाच्या जखमा आहेत. राक्षस गुडघे टेकतो, एकाएकी जुन्या बायबली धाटणीचं इंग्रजी बोलू लागतो, मुलगा त्याला आपल्या बागेत, स्वर्गात न्यायला आलेला असतो. दुपारी मुलं येतात तेव्हा झाडाखाली तो मेलेला सापडतो, अंगभर पांढरी फुलं. ज्याला क्रूस ठाऊक आहे त्याला हे लख्ख उलगडतं. ज्या मुलाला ठाऊक नाही त्याला खिळ्यांच्या खुणा कुठून आल्या ते कळत नाही, आणि गोष्ट सांगत नाही. मला हे थोडं जड वाटतं. इतका वेळ गारा नाचवणारा, पाहुण्यांची टिंगल करणारा लेखक अचानक टोपी काढून उभा राहतो. शिवाय मनातलं सांगायचं तर, बाकीच्या मुलांचं मला वाईट वाटतं. ती रोज आली, वर्षानुवर्षं, आणि राक्षसाचं चित्त एकाच न येणाऱ्यावर.

तरीही कापू नका. संक्षेपात भिंत पडली की 'आणि सर्वजण आनंदाने राहू लागले'. म्हातारपण नाही, वाट बघणं नाही, मरण नाही. पहिल्यांदा पूर्ण शेवट वाचताना मी घाबरलो होतो, रात्रीची वेळ, मुलं लहान. धाकटी झोपून गेली होती. मोठीने विचारलं, 'त्याला थंडी वाजली का?' मी म्हटलं, अंगावर फुलं होती ना. तेवढं तिला पुरलं. खिळ्यांबद्दल तिने दुसऱ्या दिवशी विचारलं आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं.

अडखळलो मीच. वाइल्डच्या धाकट्या मुलाने, व्हिव्हियन हॉलंडने, १९५४ साली आठवणी लिहिल्या. त्यात आहे की ही गोष्ट मुलांना सांगताना वडिलांच्या डोळ्यांत पाणी यायचं. थोरल्या सिरिलने कारण विचारलं तर ते म्हणाले, खरोखर सुंदर गोष्टींनी मला नेहमी रडू येतं. गोष्ट छापली तेव्हा सिरिल तीन वर्षांचाही नव्हता. १८९५मध्ये वाइल्ड तुरुंगात गेला आणि त्यानंतर १९००मध्ये मरेपर्यंत त्याला दोन्ही मुलं एकदाही भेटली नाहीत. गोष्ट आधीची, हे मला कळतं. सालं उलटी लावून वाचू नये, हेही कळतं. पण संध्याकाळी मुलं निरोप घ्यायला येतात आणि राक्षस विचारतो, तुमचा तो लहान सोबती कुठे आहे, त्या ओळीवर माझा आवाज दर वेळी बसतो. मुलींना वाटतं मामाला सर्दी आहे.

घ्यायचं असेल तर पूर्ण गोष्ट घ्या. मुळात ती लहानच आहे, मोठ्याने वाचायला मला बारा-तेरा मिनिटं लागतात, उड्या धरून वीस. लेखकाचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे आवृत्त्या पुष्कळ. विकत घेण्याआधी शेवटचं पान उघडून बघा, राक्षस मेलेला असला तर घ्या, हसत असला तर ठेवून द्या. चारच्या आतल्या मुलांना वाचायची असेल तर गारांपर्यंत वाचा आणि थांबा, तेवढंही भरपूर आहे. संपूर्ण गोष्टीला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या टोपी काढण्याचा कापला. संक्षेपाला दोन, दोन्ही पिठाच्या झाडांबद्दल.

संक्षेपाची प्रत घरातच आहे. धाकटीने तात्पर्याच्या पिवळ्या चौकटीवर निळ्या खडूने गारा काढल्यात, इतक्या दाबून की पलीकडच्या पुठ्ठ्यावरही उमटल्यात. 'द्यावे' एवढाच शब्द आता वाचता येतो, तोही उजेडात तिरका धरला तर.